वसमतच्या मोंढ्यात काढ्यावरून वाजलं

भांडण काढलं सय्यदभाईंनी, हे आधीच लिहून ठेवतो, कारण दत्ताभाऊ गावभर उलटं सांगत फिरतोय.

हळदीचा सीझन. दत्ताभाऊ माल उतरवून सौद्याची वाट बघत कट्ट्यावर बसला होता. सय्यदभाईंचं मेडिकल समोरच आहे, दुकानात पोराला बसवून तेही आलेले. देशमुख गुरुजी हायस्कूलला विज्ञान शिकवून रिटायर झालेत. आणि आमचे डॉक्टर, बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर. वयाने आमच्या सगळ्यांत लहान, तरी सगळे त्यांना अहो-जाहो करतात.

दत्ताभाऊ चहावाल्या मारोतीला म्हणाला, “मला चहा अर्धाच दे, आत्ताच काढा पिऊन आलोय.” एवढंच निमित्त.

“कसला काढा?” सय्यदभाई.

“गुळवेलीचा. शेतातल्या कडुलिंबावर चढलेली हाय. कोरोनापासून एक दिस खाडा नाई.”

“आणि एसजीपीटी कधी केली?”

“ते काय असतंय?”

“लिव्हरची तपासणी. तुमची ही गुळवेल लिव्हरला लागते, दत्ताभाऊ. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलंय.”

दत्ताभाऊ आधी हसला, मग भडकला. म्हणाला, तुमचं गोळ्यांचं दुकान चालावं म्हणून हे सगळं बोलायलाव. मग दोघांनीही डॉक्टरांकडे बघितलं. बीएएमएस माणूस गुळवेलीची बाजू घेणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

डॉक्टर म्हणाले, सय्यदभाई म्हणतात ते छापून आलंय. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सहाही जण गुळवेल घेत होते, सहाही जणांच्या यकृताला सूज. आयुष मंत्रालयाने तेव्हा हरकत घेतली. वनस्पती नीट ओळखली नसेल, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असेल, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या 43 रुग्णांची नोंद आली. काहींच्या बाबतीत वेल तपासूनही बघितली होती, ती गुळवेलच निघाली.

“मग लाखो लोक पितात, ते कामून मरत नाईत?”

“कारण सगळ्यांना होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटते, असे आजार असतात. काहींच्यात ते दबून असतात. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते, असं आपणच म्हणतो ना? मग जिथे चेतवायला नको तिथेही ती चेतवणारच.”

मला हा मुद्दा पटला. ज्या औषधात काहीतरी करायची ताकद आहे, त्याच्यात बिघडवायचीही असणार. ‘साइड इफेक्ट अजिबात नाही’ असं ज्या डब्यावर लिहिलंय, त्यात एक तर औषध नाही किंवा लिहिणारा खोटं बोलतोय. पण दत्ताभाऊला हे सांगणं म्हणजे वाहत्या पूर्णेत काठी मारणं.

सय्यदभाईंना मात्र चेव आला. आयुर्वेदाचं सगळंच थोतांड, ग्रंथाबिंथात काही नाही, असं म्हणून ते मोकळे झाले. डॉक्टरांचा आवाज इथे पहिल्यांदा चढला.

“सर्पगंधा माहीत आहे? वेडाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देत होते. कलकत्त्याला सेन आणि बोस यांनी 1931 मध्येच ती वेडाला आणि बीपीला चालते असं लिहिलं होतं. मग मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या 50 रुग्णांना दिली, मोजमाप ठेवलं आणि 1949 साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापलं. तोवर बीपीवर धड औषध जगात कुठेच नव्हतं. तीन वर्षांत त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि साऱ्या जगात विकलं गेलं.”

“आता कोण लिहितं रेसरपिन?” सय्यदभाई. “माझ्याकडे तर चिठ्ठी येत नाही.”

“फार कमी. माणसं उदास होतात अशी तक्रार आली, पुढे चांगली औषधं निघाली. पण तुमच्या दुकानात खोकल्याचं ब्रोमहेक्झिन आहे ना, अँब्रोक्सॉल आहे ना? अडुळशातल्या वासिसिनवरूनच ते घडवलंय.”

सय्यदभाई गप्प. पण गुरुजी जागे झाले. त्यांची एक खोड आहे, ज्याची बाजू वर आली त्याच्या विरुद्ध बोलायचं. ते म्हणाले, “डॉक्टर, गुग्गुळाचं सांगा की.”

डॉक्टर हसले. मला वाटतं त्यांना हा विषय नको होता.

मग गुरुजींनीच सांगितला. काशी हिंदू विद्यापीठात सत्यवती नावाच्या संशोधक बाईंनी सुश्रुतातलं मेदाचं वर्णन वाचून सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले, 1966 चा त्यांचा प्रबंध. चरबी उतरते असं दिसलं. लखनौच्या केंद्रीय औषध संस्थेने त्यावर पुढे काम केलं, औषध बाजारात आलं. सगळे खूश. आणि 2003 मध्ये अमेरिकेत 103 जणांवर नीट चाचणी घेतली, कोणाला खरी गोळी, कोणाला खोटी, घेणाऱ्यालाही ठाऊक नाही. आठ आठवड्यांनी बघतात तर वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडं वाढलेलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ.

“अमेरिकेचा माणूस वेगळा, त्याचं खाणं वेगळं,” दत्ताभाऊ.

“आसंल,” गुरुजी म्हणाले. “मग ते इथे मोजून दाखवा. सुश्रुतात आहे म्हणून खरं, एवढ्यावर मी तुला दहावीत पास केलं नसतं.”

दत्ताभाऊ गुरुजींचा विद्यार्थी. पास झाला नव्हता. यावर जे हसणं झालं त्यात दहा मिनिटं गेली.

खरा विषय त्यानंतर निघाला. दत्ताभाऊ म्हणाला, ते मोजमाप तुमच्यापाशी राहू द्या, माझ्या मायचे गुडघे बघा. वर्षभर तिला उठबस होत नव्हती. आठवडी बाजारात एक वैद्य बसतो, त्याच्याकडून पुड्या आणल्या. तिसऱ्या दिवशी माय चुलीपुढे मांडी घालून बसली. “कुठला एक्सरे नाई का काय नाई. आता बोला.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. पुढचे प्रश्न त्यांनी भांडणाच्या सुरात विचारले नाहीत.

“पुडीवर नाव आहे कशाचं? लायसन्स नंबर, तारीख?”

“कागदाची पुडी, साधी.”

“मावशींची भूक वाढली?”

“लई. आनंदच हाय की.”

“चेहरा भरल्यासारखा दिसतो? गोल?”

दत्ताभाऊ थांबला. “तब्येत सुधारली म्हणायले सगळे.”

“पायाला सूज? सारखं लघवीला उठतात?”

त्याने मान हलवली. सय्यदभाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “डेक्सा.”

पुढचं डॉक्टर आणि सय्यदभाई एकमेकांना पुरवत बोलत होते, तासाभरात पहिल्यांदाच एका बाजूने. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. गोळी इतकी स्वस्त की चहाच्या कपाला जास्त पैसे पडतात. ती कुटून सुंठेच्या नाहीतर कसल्याही चूर्णात मिसळायची. कुणी सोबत डायक्लोफिनॅकही घालतं. सांध्याची सूज दोन दिवसांत पडते, भूक लागते, अंगात तरतरी येते. माणूस म्हणतो, आयुर्वेद पावला. आयुर्वेदाचा त्यात संबंध फक्त पुडीच्या रंगापुरता. महिनोन्‌महिने घेतलं की साखर चढते, बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत.

“तर आजच्या आज बंद करतो,” दत्ताभाऊ म्हणाला. आवाज पार उतरला होता.

“नाही!” डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. “तेच करायचं नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर बीपी कोसळतं, माणूस बेशुद्ध पडू शकतो. उद्या सकाळी मावशींना उपाशीपोटी घेऊन या, साखर बघू. मग नांदेडला फिजिशियनकडे नेऊ, उरलेल्या पुड्या सोबत घ्या. कमी करत करत सोडवावं लागतं.”

पुडी बघून किंवा चाटून त्यात काय आहे ते कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, पण तोवर बाजारातला माणूस दुसऱ्या गावच्या बाजारात गेलेला असतो. मला स्वतःला या जागी आयुर्वेदाचा राग येत नाही, आमचा सगळ्यांचा येतो. लायसन्सवाल्या डॉक्टरला आम्ही चार प्रश्न विचारतो आणि सतरंजीवर बसलेल्याला एकही नाही.

“मग आयुर्वेदात गुडघ्याला काहीच नाई का?” दत्ताभाऊने विचारलं. बिचाऱ्याला काहीतरी हातात हवं होतं.

आहे, असं डॉक्टर म्हणाले. वेगवेगळ्या केंद्रांतल्या 440 रुग्णांवर चाचणी झाली, 2013 मध्ये छापून आली. एका गटाला सुंठ, गुळवेल आणि आवळा, दुसऱ्याला त्यात शल्लकीचा डिंक, तिसऱ्याला ग्लुकोसामाइन, चौथ्याला सेलेकोक्सिब ही वेदनाशामक गोळी. सहा महिन्यांनी आराम साधारण सारखाच. “पण त्याच पेपरात त्यांनी हेही लिहिलंय की आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या काहींची एसजीपीटी वाढली. मला तो पेपर आवडतो तो यासाठीच. फायदा आणि तोटा एकाच कागदावर.” भगंदराच्या क्षारसूत्राचीही, म्हणजे औषधाचा लेप दिलेल्या दोऱ्याची, अशीच चाचणी झालेली आहे, आयसीएमआरने घेतलेली. बरं व्हायला ऑपरेशनपेक्षा वेळ जास्त लागला, पण पुन्हा उपटणं कमी झालं.

गुरुजींनी मधे बिब्बा घातला, खरोखरचा. म्हणाले, माझी आजी सांध्याला बिब्ब्याचं तेल लावायची आणि आठवडाभर उतलेलं अंग घेऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, बिब्ब्याच्या तेलातली रसायनं कातडी जाळणारीच आहेत, म्हणून तर ग्रंथात तो विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्याशिवाय वापरू नका असं सांगितलंय. आजी ती पायरी गाळायची. यावर कुणी वाद घातला नाही. बिब्बा प्रत्येकाच्या घरात कुणाला ना कुणाला उतलेला असतो.

दत्ताभाऊ अजून हार मानत नव्हता. “काविळीची माळ? ती तर डोळ्यादेखत लांब होते. अन् हात धुतला की पिवळं पाणी.”

हे गुरुजींचं हक्काचं मैदान. आंब्याच्या झाडाची आतली साल हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात हात घातला की पाणी पिवळं होतं, कावीळ असो नसो. हा प्रयोग ते वर्गात करून दाखवायचे. माळेचं ओलं देठ सुकतं, गाठी सैल पडतात, माळ लोंबते. आणि घाणेरड्या पाण्याने होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घाला नाहीतर घालू नका.

“पण गरोदर बाईला ई झाली तर ती मरू शकते,” डॉक्टर म्हणाले. “शेवटच्या महिन्यांत तर फारच धोका. तिला माळ घालून घरी ठेवलेलं मी बघितलंय.” पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

सय्यदभाईंनी मग एक सवाल टाकला. “डॉक्टरसाब, बरे झालेले सगळे येऊन सांगतात. ज्यांना गुण आला नाही ते कुठे जातात? तुमच्या दवाखान्यात त्यांची वही आहे?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “आणि तुम्ही चिठ्ठीशिवाय किती जणांना अँटिबायोटिक दिलं, त्याची आहे?”

सय्यदभाईंनी दुकानाकडे बघून पोराला उगाचच हाक मारली.

एव्हाना आतून सौद्याचा गलका सुरू झाला होता. दत्ताभाऊ उठता उठता म्हणाला, “निदान हळदीला तरी नावं ठेवू नका. अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं, आपल्या माशेलकरांनी ते मोडलं. गुण होता म्हणूनच ना?”

गुरुजी म्हणाले, “बस खाली.” तो बसला. “पेटंट होतं जखमेवर हळद लावण्याचं, 1995 चं. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे केले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. ते कशासाठी रद्द झालं? यात नवीन काही नाही, भारतात आधीपासून माहीत आहे, म्हणून. जखम हळदीनं बरी होते की नाही, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.”

मी हे आजवर दत्ताभाऊसारखंच समजत होतो.

डॉक्टर म्हणाले, “हळदीतलं कुरकुमिन प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींवर पुष्कळ काही करतं. पोटातून रक्तात मात्र जेमतेम पोचतं. मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर वीसपट पोचतं, असं बंगळूरच्या लोकांनी 1998 मध्ये दाखवलं. पण मिरी मग बाकीच्या गोळ्याही जास्त पोचवू शकते, आणि कुरकुमिनच्या जोरदार कॅप्सूल खाऊन यकृत सुजलेले रुग्णही आता नोंदले गेलेत. हमखास लागू पडतं असा एकही आजार अजून मोठ्या चाचणीत पक्का झालेला नाही.”

“हे वसमतमधे बसून बोलायलाव तुमी?” दत्ताभाऊ म्हणाला. “2024 ला भौगोलिक मानांकन मिळालं आपल्या हळदीला. व्यापारी येतो, कुरकुमिन किती टक्के इचारतो, मग भाव बोलतो. ते कॅप्सूलवाले घ्यायचे बंद झाले तर?”

“भाजीत लागतेच की,” डॉक्टर म्हणाले. “तिथे कोणी पुरावा मागत नाही.”

“भाजीत चिमूटभर लागती, डॉक्टर. माझी पाच एकर हाय.”

यावर डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. दत्ताभाऊ सौद्याला गेला, जाताना उद्या किती वाजता यायचं ते विचारून गेला.