बोटीवर फुकट राहता येतं, हे खरं नाहीये

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवलाय. लंडनमध्ये घरभाडं कशाला भरता, कालव्यावरची जुनी नॅरोबोट, म्हणजे राहता येईल अशी लांब-अरुंद बोट, घ्या, कुठेही फुकट बांधा, ना टॅक्स ना बिल, वीज सोलरची, रोज सकाळी चहा घेऊन बदकं बघत बसा आणि दोन-तीन वर्षांनी बोट विकून नफा कमवा. खाली लाल-हिरव्या बोटीचा फोटो, छान ऊन पडलंय, छपरावर फुलांच्या कुंड्या. पाठवणाऱ्यांना वाटलं मला आनंद होईल, कारण मी आणि नवरा सहा वर्षं अशाच बोटीवर राहतोय. मला काळजी वाटली. कारण परवा पुण्याहून मास्टर्सला आलेल्या एका मुलानं विचारलं, ताई, साठवलेले सगळे पैसे घालून घेऊन टाकू का एक? म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, जरा लांबेल.

"कुठेही फुकट बांधा." हे साफ चूक आहे. इंग्लंड-वेल्समधलं कालव्यांचं आणि नद्यांचं साधारण 2000 मैलांचं जाळं कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची संस्था सांभाळते, तिथे बोट ठेवायची तर वर्षाचं लायसन्स लागतं, विमा लागतो आणि दर 4 वर्षांनी बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं. आमच्या 57 फुटी बोटीचं नुसतं लायसन्सच हजार पौंडांच्या वर जातं. बोट बांधायची कायमची जागा, म्हणजे मूरिंग, ज्यांच्याकडे नाही त्यांना 1995 च्या कायद्यानुसार फिरत राहावं लागतं, एका जागी फार तर 14 दिवस, गर्दीच्या ठिकाणी त्याहूनही कमी. आणि फिरणं म्हणजे पुलाच्या अलीकडून पलीकडे नाही, खरोखरचा प्रवास व्हायला हवा. त्यात एप्रिल 2024 पासून अशा फिरत्या बोटींना लायसन्सवर जादा आकार सुरू झालाय, 5 टक्क्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्यानं 2028 पर्यंत 25 टक्के. आमचा हा पंधरवडा हॅकनीला, पुढचा टॉटनहॅमला, मग वर वॉल्थम ॲबीकडे, म्हणजे दर दोन आठवड्यांनी ऑफिसचा रस्ता बदलतो, दुकान बदलतं, कपडे धुवायची जागासुद्धा बदलते. शाळेत जाणारं मूल असेल तर याचा आधी विचार करा.

"टॅक्स नाही." हे अर्धं खरंय. फिरत्या बोटीला काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, नाही, पण मग पत्ताही नाही. बँक पत्ता मागते, विमा कंपनी मागते, पार्सलवाला मागतो. जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही असा नियम आहे, तरी एका दवाखान्याच्या रिसेप्शनवरून मला दोनदा परत पाठवलं होतं, ताप असताना. तिसऱ्या वेळी नियम छापून नेला तेव्हा नाव घेतलं.

"बिलं नाहीत." बिल दारात येऊन पडत नाही एवढंच. 13 किलोचा प्रोपेनचा सिलिंडर, डिझेल, कोळशाची पोती, सगळं स्वतः आणायचं नाहीतर कालव्यावरून कोळसा-डिझेल विकत फिरणारी बोट येते तिची वाट बघायची. जानेवारीत एक पोतं आम्हाला चार-पाच दिवस पुरतं. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून खालून डांबरासारखा काळा थर द्यावा लागतो, नाहीतर लोखंड गंजतं. हे सगळं धरून लंडनच्या खोलीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतं का, तर हो, आम्हाला पडतं, हे मी लपवणार नाही. पण स्वस्त वेगळं आणि फुकट वेगळं.

"वीज सोलरची." मे ते ऑगस्ट छान, फ्रिज चालतो, लॅपटॉप चालतात. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि पॅनेलमधून जेमतेम दिव्यांपुरतं येतं. मग इंजिन चालवून बॅटऱ्या चार्ज करायच्या, तेही रात्री 8 ते सकाळी 8 बंद ठेवायचं, शेजारच्या बोटींना त्रास नको म्हणून. मी इडलीचं पीठ सकाळी सव्वाआठला वाटते ते त्याचसाठी, इंजिन चालू असेल तरच मिक्सर लावायचा, नाहीतर इन्व्हर्टर कण्हायला लागतो.

आता ज्या गोष्टी मेसेजमध्ये नाहीतच त्या. संडास. आमच्याकडे कॅसेटचा आहे, वीसेक लिटरची टाकी, दोघांत तीन दिवसांत भरते, ती हातानं नेऊन ठरलेल्या जागी ओतायची, धुवायची, परत लावायची. पाऊस असो, बर्फ असो, पाहुणे असोत. दुसरं म्हणजे ओल. आत जेमतेम सहा फूट रुंदी, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागतं, गादीखाली ओल धरते, पहिल्या हिवाळ्यात माझी दोन पुस्तकं आणि एक सिल्कची साडी बुरशीनं गेली. आणि इथे कळकळीनं सांगते, थंडी वाजते म्हणून हवा येण्याच्या जाळ्या कधीही बुजवू नका. कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नसतो, झोपेत माणूस जातो. 2019 पासून त्याचा अलार्म बोटीत सक्तीचा झालाय. दर आठवड्याला बटण दाबून बघा.

"रोज सकाळी चहा आणि बदकं." बदकं आहेत, चहाही आहे. पण सकाळ शेगडीतली राख काढण्यात जाते. निवांतपणा इथे मिळतो, मला तर घरात कधी मिळाला नव्हता इतका मिळाला, फक्त तो फोटोतला नाहीये. बोटीला वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे काठावरून चालणारा माणूस आपल्याशी गप्पा मारत बरोबर येतो. पाण्याचा नळ म्हणजे आमचा पाणवठाच, टाकी भरायला तास-दीड तास लागतो, तेवढ्यात कोणाच्या पंपाला काय झालं, पुढचं लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वाढवून-कमी करून बोट चढवायचा-उतरवायचा दारांचा हौद, बंद आहे का, सगळं कळतं. संध्याकाळी आम्ही कॅरम खेळतो, आणि बोर्ड लेव्हल आहे का हे पाण्यावर ठरतं, कारण टाकी बोटीच्या नाकाशी आहे, रिकामी होत आली की नाक वर येतं आणि सोंगट्या मागच्या बाजूला सरकायला लागतात. मग नवरा म्हणतो, उद्या नळावर जायला हवं.

इंग्लंडमधल्या डिव्हायझेस गावाजवळ कालव्यावर केन हिल म्हणून चढ आहे, 29 लॉक, त्यातले 16 ओळीनं एकाला एक लागून. एका मेमध्ये आम्ही तो चढलो, शेजारी एका म्हाताऱ्या जोडप्याची बोट, लॉक रुंद असल्यामुळे दोन बोटी एकत्र आत जातात. दिवसभर लॉकची हँडल फिरवून फिरवून खांदे भरून आले, दुपारी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि त्यांचा केक वाटून खाल्ला, संध्याकाळी वर पोचल्यावर चौघांपैकी कोणालाच बोलायची ताकद नव्हती, गवतावर नुसते बसून राहिलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छान सुट्टीचा दिवस तो.

शेवटचं, "विकून नफा." बोटीखाली जमीन नसते हो. घराचं कर्ज तिला मिळत नाही आणि ती गंजत असते. तळाचा पत्रा नवीन असताना बहुधा 10 मिलिमीटर, बाजू 6, आणि कुठे 4 च्या खाली गेला की विमा मिळताना अडचण येते. म्हणून पाण्याबाहेर काढून सर्व्हे केल्याशिवाय एक पौंडही देऊ नका, विकणारा कितीही गोड बोलू दे.

त्या मुलाला मी सांगितलंय, जुलैत बघायला येऊ नकोस, फेब्रुवारीत ये, आठवडाभर राहा. कॅसेट तू रिकामी करायची, शेगडी तू पेटवायची, जेवण माझ्याकडे. गमबूट आणि हेडटॉर्च आणायला सांगितलाय.