हलगी शेकत बसू नका

गणपती तोंडावर आलेत. वाजंत्री ठरवायचं काम यंदा मंडळानं तुमच्या गळ्यात घातलं असेल, तर माझं ऐका: हलगीवाल्याच्या वाटेला जाऊ नका.

तो खानापूरकडून सकाळच्या बसनं येणार. आल्या आल्या वाजवेल म्हणाल, तर नाही. कोपऱ्यात रद्दी पेटवून कातडं शेकत बसणार, टिचकी मारून कान लावणार, परत शेकणार. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं म्हणे! मग एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. टिपरू ठेका धरून राहतं आणि काडी मधल्या रिकाम्या जागेत अशी काही कडाडते की चालता माणूस... असो. हे बसायला त्याचं निम्मं आयुष्य गेलंय. तुम्हाला एवढी सवड आहे काय गा?

त्यापेक्षा डॉल्बी सांगा. पेन ड्राइव्ह खोचला की झालं. तो चहा मागत नाही, बिडी ओढायला जात नाही, बेसूर होत नाही. डीजेला कौशल्य लागत नाही असं कोण म्हणतो? गाणी घरूनच जोडून आणलेली असताना, एक हात हेडफोनवर नि दुसरा हवेत ठेवून चार तास काहीतरी करतोय असं दाखवायचं. सोपं नाही मर्दा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, असं कुणी सांगायला आलं तर ‘ऐकू येत नाही’ म्हणून खूण करा. खोटं बोलल्याचं पापही लागणार नाही.

परंपराच मिरवायची असेल तर बेंजो पार्टी लावा. टाइपरायटरसारख्या बटणांचं ते वाद्य १९१२ साली जपानात, नागोयाला जन्मलं, एवढं मात्र माइकवर सांगू नका.

बैठकीत मुंबईचे वादक चरणजित सिंग यांचंही नाव काढू नका. त्यांनी १९८२ साली रोलँड या जपानी कंपनीच्या ताल-बासच्या यंत्रांवर राग बसवून अख्खी तबकडी काढली. असलं ऐकलं की यंत्रावरही शिकावं लागतं, अशी पोरांची समजूत होते आणि सगळा खेळ बिघडतो.

सॅम्पलिंग मात्र जरूर शिका. दुसऱ्यानं वाजवलेला तुकडा कापायचा नि आपल्या गाण्यात चिकटवायचा. ग्रेगरी कोलमन नावाच्या अमेरिकन ड्रमरनं १९६९ साली सहा-सात सेकंद वाजवलं; तो तुकडा पुढं हजारो गाण्यांत फिरला. त्याला त्याचा पैसा मिळाला नाही. २००६ साली तो गेला. आता मागायलाही कुणी येत नाही, किती सोयीचं!

एकच अडचण. गेल्या वर्षी विसर्जनाचा कपिलेश्वर तलाव जवळ आलेला असताना आमचा जनरेटर बंद पडला. शंभरेक पोरं हात वर करून तशीच उभी. मागच्या मंडळाचा म्हातारा हलगीवाला पुढं आला, त्यानं कुणाकडून तरी रद्दी मागून घेतली, आणि डिझेल येईपर्यंत गल्ली हलवून सोडली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका. मोबाइल काढा, नीट जवळ धरा, सगळं टिपून घ्या. पुढच्या वर्षी बेस चढवला की म्हाताऱ्याला बोलवायलाच नको. नाव विचारत बसू नका. फाइलला ‘हलगी १’ एवढं चालतंय.