खिळा ठोकायचा नाही म्हणे!

एक खिळा. साधा, अडीच इंची. तो ठोकला म्हणून आज मला इथल्या व्यवस्थापनाकडून लेखी समज मिळाली. "ही वारसा वास्तू आहे, मॅडम." अहो, ठाऊक आहे की! त्याच मोहापायी तर तीन वर्षांपूर्वी पणजीतल्या या जुन्या घरात स्टुडिओ भाड्याने घेतला. वर आम्ही कलाकार, खाली गॅलऱ्या, मधल्या चौकात महागडी कॉफी.

पण ज्या भिंतीला माझा खिळा चालत नाही, तिलाच एसीच्या पाइपसाठी मनगटाएवढं भोक कुणी पाडलं? बाहेरून सिमेंटचा गिलावा थापून वर प्लॅस्टिक पेंट कुणी फासला? भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत. चिरा पाणी पितो, आणि पावसात प्यालेलं पाणी पुढे उन्हात चुन्याच्या गिलाव्यातून उडून जातं. आमच्या डिचोलीच्या घरी आजोबा दर दिवाळीआधी भिंतींना चुना द्यायचे, ते काय हौस म्हणून? सिमेंटने ती वाट बुजवली की पाणी क्षार घेऊन आतल्या बाजूने फुटतं. जुलैत माझ्या टेबलामागची भिंत गळवासारखी फुगते. बोटाने टोचलं की पोपडा खाली आणि आत ओली लाल माती. मी छापे काढते, माझा सगळा जीव कागदात. गेल्या पावसात २८ प्रिंटांवर बुरशीचे ठिपके पडले. तक्रार केली तर म्हणे, "जुनं घर म्हटलं की ओल असायचीच." आमचं डिचोलीचं घरही जुनंच आहे. तिथे पेटीतल्या पोथ्या अजून कोरड्या आहेत!

आणि त्या खिडक्या. शिंपल्यांच्या तावदानांच्या, काच महाग होती तेव्हाच्या. पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले. दुपारचं टळटळीत ऊन त्यांतून दुधासारखं होऊन आत उतरतं. चित्र बघायला याहून बरा उजेड कुठला? तर खालच्या गॅलरीत त्यांच्यावर पांढरं प्लायवूड मारलंय. चित्रं टांगायला सपाट भिंत हवी ना! मग अंधार झाला म्हणून दिवे, दिव्यांनी उकडतं म्हणून एसी, आणि हवा कोंडली म्हणून प्लायवूडमागे वाळवी. आज रागाच्या भरात मोजलं. एका खिडकीच्या चौकटीत १४ खिळे.

जुनी घरं कलेला देऊ नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. रिकामं घर गोव्याच्या पावसात उभं राहत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. रेइश मागुशचा किल्ला तुरुंग होता, दुरुस्ती होऊन २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला, आता तिथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं बघता येतात. मांडवीकडे तोंड करून त्या तटावर उभं राहिलं की बरं वाटतं. आमच्याकडे मात्र वारसा म्हणजे दारावरची पितळी पाटी. ती रोज घासतात, एवढं खरं.

समजपत्रात ५०० रुपये दंडही लावलाय, "भिंतीच्या नुकसानीबद्दल". हे लिहिताना एका हाताने ओले कागद हेअर ड्रायरने वाळवतेय. त्याच्या विजेचेही पैसे वेगळे घेतात.