सहल रद्द, कारण बिबट्या

आज दुपारी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. पाचवीची नॅशनल पार्कची निसर्गसहल रद्द, त्याऐवजी मुलांना मॉलमधल्या गेम झोनला नेणार. कुणा पालकाने बिबट्याची क्लिप टाकली आणि झालं! खाली धडाधड अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अहो, आपण बोरिवलीत राहतो. बिबट्या आपल्या आधीपासून इथे आहे. पाड्यांवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला नमस्कार करून त्याच जंगलात राहिली आणि आपण मुलांना फक्त भीती शिकवणार?

मी पालिकेच्या शाळेत होते. पाचवीतच बाईंनी आम्हाला या जंगलात नेलं होतं. ओढ्याकाठच्या चिखलात एक ठसा होता, माझ्या तळहाताएवढा. बाईंनी चाळीस पोरांना गप्प उभं केलं आणि एवढंच विचारलं, "नखं दिसतायत का?" नव्हती दिसत. मग म्हणाल्या, मांजराच्या जातीची जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात. मी ठशाशेजारी हात टेकवला होता. तो गार चिखल अजून हाताला जाणवतो.

हे गेम झोनमध्ये कुठून मिळणार?

मान्य, २००४ साली बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मेली, मी विसरलेली नाही. पण म्हणून वनखात्याच्या माणसाबरोबर, दिवसाउजेडी, रांगेत चालणाऱ्या मुलांनाही जंगल बंद?

माझी लेक दहिसर नदीला नाला म्हणते. तिची काय चूक? पुलावरून तेवढंच दिसतं. ही नदी तुळशी तलावापासून निघते, तिथून ती जंगलातून येते, हे तिला कुणी चालवत नेऊन दाखवलंच नाही. तुळशी १८७९ चा, विहार १८६०चा, दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात. कान्हेरीला गुंफांच्या बाजूला दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पाणी साठवणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिलं की पाचवीच्या पोरालाही कळतं. आणि या जंगलातली कारवीची झुडपं! कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०२४ मध्ये फुलली तेव्हा आम्ही 'पुढच्या रविवारी जाऊ' म्हणत राहिलो. आता २०३२. तोवर लेक कॉलेजात जाईल. हा दोष शाळेचा नाही, माझा आहे.

शिक्षकांवर राग नाही. एवढ्या पोरांची जबाबदारी, वर आपणच पालक फोन करकरून त्यांना भंडावतो. उलट आमच्या बाईंना तेव्हा कुणी क्लिपा पाठवत नव्हतं, म्हणूनच तो ठसा माझ्या वाट्याला आला.

संध्याकाळी लेकीला ठशाची गोष्ट सांगितली. वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवला, मधली गादी आणि चार बोटं. तिने आपला हात त्यावर ठेवला, मग वही तोंडाजवळ नेऊन विचारलं, "आई, नखं काढायची राहिली का?"

रविवारी सकाळी आम्ही दोघी निघतोय. ग्रुपमधल्या कुणाला पोरांना घेऊन यायचं असेल तर इथेच लिहा, गेटवर भेटू.