दोन फुटी टाकीत 60 लिटर? पट्टी लावून बघा

नाशिकमधल्या फिश टँकच्या हौशी मंडळींत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘टाकीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, गुणाकार करा आणि 30 ने गुणा. 2×1×1 ची टाकी म्हणजे 60 लिटर. खडी धरू नका, पाणी खड्यांच्या फटींत शिरतंच. फिल्टर-हीटरचे दोन-दोन लिटर वजा करा. गॅलन म्हणजे साडेचार लिटर. गोल बाउललाही हाच हिशोब. औषध याच आकड्यावर टाका.’

शेवटचं वाक्य नसतं तर मी गप्प बसलो असतो.

आधी तो 30. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की अख्खं शहर क्युसेकमध्ये बोलतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर. म्हणजे दोन घनफुटांचे झाले 56.6. इथवर फरक किरकोळ आहे.

खरी गफलत पट्टी कुठे लावली यात आहे. दुकानदार दोन फूट म्हणतो ते काचेच्या बाहेरून. 5 एमएमची काच धरली तर लांबी-रुंदीतून एकेक सेंटिमीटर जातो, उंचीतून तळाच्या काचेचा अर्धा. आतून 59.96 × 29.48 × 29.98 सेंमी. गुणून हजाराने भागा: 53 लिटर. तेही काठोकाठ. काठोकाठ टाकी कोण भरतं? दीड इंच सोडलं की उरले 46.

आता खडी. पाणी फटींत शिरतं हे खरं, पण किती? मोजण्याच्या मगात एक लिटरच्या खुणेपर्यंत कोरडी खडी भरा आणि खडे बुडेपर्यंत मापाने पाणी ओता. साधारण 350 ते 400 मिली जातं, बाकी सगळा दगड. आपल्या टाकीत दोन इंचांचा थर म्हणजे 9 लिटर खडी. तिने साडेपाच लिटर पाण्याची जागा खाल्ली. राहिले जेमतेम 41. धरणाचा एकूण साठा वेगळा आणि उपयुक्त साठा वेगळा, हे आपण उन्हाळाभर पेपरात वाचतो. टाकीचंही तसंच आहे.

60 चा डोस 41 लिटरमध्ये पडला म्हणजे जवळपास दीडपट. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणारं अँटीक्लोरीन थोडं जास्त पडलं तर सहसा निभावून जातं. पण व्हाईट स्पॉटवर, म्हणजे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येणाऱ्या रोगावर, मॅलाकाइट ग्रीनचं औषध दीडपट गेलं की लोच आणि कॅटफिशसारखे बिनखवल्यांचे मासे आधी आडवे होतात. तांबं असलेलं औषध तर गोगलगायी आणि झिंग्यांना नेमक्या मात्रेतही सोसत नाही.

फिल्टर-हीटरचं सोडून द्या. साधा हीटर पाव लिटरचीही जागा घेत नाही.

गॅलनचा घोळ उलट्या दिशेचा आहे. साडेचार लिटर हा ब्रिटिश गॅलन, 4.546. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, आणि अमेरिकन औषधाच्या बाटलीवर तोच असतो. तिथे साडेचार धरले तर डोस सहावा हिस्सा कमी पडतो आणि अर्धवट उपचारातून रोग परत डोकं वर काढतो. बाटलीवर लिटरचाही आकडा असेल तर तोच वाचा, गॅलनच्या नादी लागू नका.

बाउलला हा हिशोब लावणं म्हणजे कहर. 25 सेंमी व्यासाचा गोल बाउल मेसेजप्रमाणे साडेसोळा लिटरचा ठरतो. पूर्ण गोल धरला तरी त्यात 8 लिटर मावतात, आणि गळ्याच्या खाली भरला तर सातच. तिथे सूत्राच्या भानगडीत न पडता एक लिटरच्या बाटलीने मोजून ओतावं.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. स्टँड घेताना 60 चा आकडा चालून जातो, कारण 41 किलो पाणी, 14 किलोच्या आसपास खडी आणि 9 किलो काच मिळून वजन साठीच्या पुढेच जातं. अर्थात हा निव्वळ योगायोग.

टाकी आधीच मांडून झाली असेल तर रिकामी करायची गरज नाही. पाणी बदलताना पातळीला काचेवर मार्करने रेघ मारा, मापाने 10 लिटर काढा, दुसरी रेघ मारा. या टाकीत पातळी साडेपाच सेंमीहून थोडी जास्त उतरेल, म्हणजे सेंटिमीटरला पावणेदोन लिटर. खडीच्या वर जितके सेंटिमीटर पाणी उभं असतं त्याला तेवढ्याने गुणा आणि खडीच्या फटींतले साडेतीन लिटर मिळवा. बादलीवरच्या छापील खुणांवर मात्र विसंबू नका. आधी एक लिटरच्या बाटलीने त्या तपासून घ्या.