काय हरवलं का हो?

गेल्या वर्षभरात ठाण्यात हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदा "जेवलीस का"सुद्धा कुणी विचारलं नसेल. भाच्याने लावून दिलेलं जिओकॅशिंगचं वेड, दुसरं काय! कुणीतरी डबी लपवतं (खेळात तिला 'कॅश' म्हणतात), तिचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतं. आपण ती शोधायची, आतल्या चिठोऱ्यावर नाव-तारीख लिहायची आणि होती तिथेच ठेवून यायचं. (घरी "कॅश शोधायला चाललेय" म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, मिळाली तर दूधवाल्याचं बिल भाग.)

२ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकाने रानात बादली लपवली, तिथून हा खेळ सुरू झाला. पण ते रान होतं. तिथे बघायला कोण होतं?

इथे घोडबंदर रोडला जीपीएसचा सिग्नल उंच टॉवरांवर आपटून येतो. मोबाइल मला कधी फुटपाथवर दाखवतो, कधी समोरच्या सोसायटीच्या पोडियमवर. शेवटची वीस पावलं आपली आपणच काढायची. कठड्याच्या खालून बोटं फिरवत जायचं, कोळ्याची जाळी, सुकलेलं च्युइंगगम, सगळं हाताला लागतं, आणि मग अचानक करंगळीच्या पेराएवढी, लोहचुंबकाने चिकटलेली डबी. त्या क्षणी मी पन्नाशीची नसते.

तलावपाळीला तर गंमतच झाली. सकाळी सहाला गेले, म्हटलं गर्दी नसेल. गर्दी नसते? सगळं ठाणं चालत होतं. मी वाकले तसे एक काका थांबले. "काय हरवलं का हो?" तोंडून निघून गेलं, "चावी." झालं! काकांनी टॉर्च लावला, काकूंनी चपलेने पानं सारली, फुलवाल्या मावशी टोपली ठेवून आल्या. डबी माझ्या बोटाखाली आणि मला ती काढता येईना. पोरासोरांना कळलं तर दुसऱ्या दिवशी डबी गायब, हे ठरलेलं.

एका गोष्टीवर मात्र माझं ठाम मत आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आपण आयुष्यभर लोकलमध्ये ऐकत आलोय. त्यामागे काय काय घडून गेलंय, ते इथे सांगायची गरज नाही. अशा शहरात स्टेशनजवळ, पुलाखाली काळी टेप गुंडाळलेला डबा लपवणं हा खेळ नव्हे, मूर्खपणा आहे. डबी पारदर्शक हवी, वर काय आहे ते मराठीत लिहिलेलं हवं, जागेच्या मालकाची परवानगी हवी. पावसाळ्यात आतल्या कागदाचा लगदा होतो, तो बदलायचाही कंटाळा असेल तर लपवूच नका.

येऊरच्या जंगलात एकटी जात नाही. तिथे जायचं तर भाच्याची सुट्टी बघावी लागते.

परवा गडकरी रंगायतनसमोर तेच काका भेटले. "सापडली का हो चावी?"

"हो, घरीच होती."

"बघ," काका काकूंकडे वळले, "मी तेव्हाच म्हटलं होतं की नाही?"