‘ओस्की म्हणजे टेबलं आणि घंटा’ म्हणणाऱ्यांसाठी

एमबीबीएसच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो: ‘ओस्की म्हणजे टेबलं मांडा, घंटा वाजवा, टिक करा, ते तर कुणीही करेल. पहिली बॅच बाहेर आली की सगळं फुटलं. त्यापेक्षा लाँग केसच बरी.’ ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा: घंटा वाजली की विद्यार्थी एका टेबलावरून, म्हणजे ‘स्टेशन’वरून, पुढच्यावर सरकतो, प्रत्येक ठिकाणी एक छोटं काम करतो आणि परीक्षक यादीवर टिक करत गुण देतो. लाँग केसमध्ये विद्यार्थी एकच पेशंट सविस्तर तपासून परीक्षकापुढे मांडतो.

‘टेबलं मांडा’? आधी हिशेब मांडा. 16 स्टेशनं, प्रत्येकी 5 मिनिटं, सरकायला 1 मिनिट. 96 मिनिटांच्या फेरीत फक्त 16 विद्यार्थी होतात. 150 जणांना दहा फेऱ्या, म्हणजे सोळा तास लागतील. म्हणून तीच स्टेशनं तीन सर्किटांत, म्हणजे तीन समांतर संचांत, एकाच वेळी चालवतात. तरीही तीन फेऱ्यांत 144 जणच होतात. प्रत्येक सर्किटात दोन विश्रांतीच्या जागा वाढवल्या की एका फेरीत 54 जण मावतात, फेरी 108 मिनिटांची होते आणि काम तीन फेऱ्यांत आटोपतं.

खरी चूक जोड-स्टेशनांत होते. चौथ्यावर पेशंट तपासायचा आणि पाचव्यावर त्याच पेशंटवरची उत्तरं लिहायची असतील, तर पहिल्या घंटेला पाचव्यावर उभा राहिलेला विद्यार्थी काय लिहिणार? त्याने पेशंट पाहिलेलाच नसतो. सुरुवातीला ती जागा रिकामीच ठेवावी लागते. मग सर्किटात 17 जण, फेरीत 51. 150 जणांना तेवढं पुरतं.

‘सगळं फुटलं’ हे अर्धंच खरं. एक्स-रे, ईसीजीची उत्तरं फुटतात. म्हणूनच पहिली बॅच सुटण्याआधी उरलेल्या दोन्ही बॅचेस फोन जमा करून हॉलमध्ये बसलेल्या हव्यात. त्यांच्या पाण्याची, जेवणाची, स्वच्छतागृहाची सोयही तिथेच लागते. रक्तदाबाचं स्टेशन आहे हे आधी कळलं, तरी कफ नीट बांधणं आणि हवा सेकंदाला सुमारे 2 मिलिमीटर या बेताने सोडणं हातालाच यावं लागतं. तिथला स्वयंसेवक मात्र प्रत्येक फेरीला बदला. दिवसभर एकाच माणसाचा दंड आवळला तर तो दुखावतो. परीक्षकाला दुहेरी, म्हणजे दोघांना एकाच वेळी ऐकता येणारा स्टेथोस्कोप द्या, नाहीतर विद्यार्थ्याने सांगितलेला आकडा खरा की अंदाजपंचे, हे ठरवणार कसं?

‘टिक कुणीही करेल’ हे तर साफ चूक. एकाच स्टेशनवर तीन सर्किटांत तीन परीक्षक असतात. परीक्षेआधी तिघांनी एकच नमुना-तपासणी पाहून वेगवेगळे गुण द्यावेत आणि फरक का पडला ते बोलून मिटवावं. हे टाळलं की गुण सर्किटावर ठरतात. शिवाय यादी पोपटासारखी म्हणणाऱ्यालाही टिक मिळतात. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल परीक्षकाने ‘उत्तीर्ण, काठावर, अनुत्तीर्ण’ असा एकूण शेराही नोंदवायला हवा.

लाँग केसबद्दल. स्कॉटलंडमधल्या डंडीचे वैद्यकीय शिक्षक रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली ओस्की मांडली, कारण वाट्याला कोणता पेशंट आणि कोणता परीक्षक येतो यावर गुण हलत होते. पाच मिनिटांच्या तुकड्यांत अख्ख्या पेशंटचा विचार तपासता येत नाही, हे आम्हालाही मान्य. लाँग केस जरूर ठेवा. फक्त विद्यार्थी हिस्टरी (पेशंटच्या आजाराची माहिती) घेत असताना परीक्षकाने शेजारी बसावं. आज बहुधा तो नंतरचं सादरीकरणच ऐकतो.